साळुंकीचा गळा

तो तोंडावरचा रुमाल काढा आधी, महारुद्रराव — हां, आता बोला. बेसूर? माजी चाल बेसूर? अहो, मानवत गावात तुमच्या बँडला कुत्रं इचारत नव्हतं तवापसून वरातीच्या चाली मीच बांधून देतो — अन आता तुमची पोरं हसायलीत म्हंता? पोरांचे क्लॅरनेट तपासा. माज्याकडं पंच हाय — ही बघा पिंजऱ्यात, साळुंकी. पिलू असताना लिंबाखाली पडली व्हती, भिजवलेली डाळ चारून वाढवली. आमची बानू म्हंते, सवत आनली तुमी — आनली तर आनली! पेटीवर चाल वाजवली की ही जशीच्या तशी म्हनून दाखवती, अन सूर जरा उतरला की गप. आजबी तेच — तिचा गळा हालला तरच चाल तुमच्याकडं येती.

गळा हालला म्हंजे — ऐकतोच की मी. ऐकतो. आता निम्मी जिंदगी ढोल-ताशापुढं गेली, बारीक सूर जरा कमी येतात... बरं, काहीच येत न्हाई. लोकांचे ओठ बघून भागवतो. पर कुटं बोलू नका, शपत हाय तुमाला, चाली गेल्या तर माज्यात काय उरतंय? बोटं पेटीवर बराबर पडतात, पर पेटी जुनी, कोनती पट्टी उतरली ते मला कसं कळावं? म्हनून हिचा गळा बघायचा. थांबा, वाजवून दाखवतो — ही तुमची चाल — बघा! चोच उघडली, गळा कसा थरथरायलाय! वा, बाई, वा! उन्हाळा लागल्यापसून तर थांबतच न्हाई, पत्रे तापले तरी दुपारभर गाती.

काय? हळू बोला, ओठ दिसू द्या. आवाज न्हाई? आवाजच न्हाई? धापा... धापा टाकायलीय?

बानू, इकडं ये. खरं सांग, ही गायलीय का? मान खाली घालू नको — कवापसून? होळीपसून? अन तू रोज दारात हुबी राहून ‘लय झ्याक’ म्हनायलीस! मला वाईट वाटंल म्हनून? अगं, तिचा जीव चाललाय अन मी म्होरं बसून वा वा करायलोय! पानी आन. वाटी नको, बोटानं सोड चोचीत. अजून सोड — बाहीर यायलंय गं सगळं.

महारुद्रराव, तोंड हालवू नका. काय म्हनायलाव ते मला बघायचं न्हाई. जा तुमी.