एल्मावहिनीची तांब्याची गोळी

युकॉन नदीकाठच्या दुकानातल्या रांगेत टायटस आपल्या विधवा वहिनीशी, एल्माशी, वाद घालत होता आणि मागं उभ्या रोझालीचे कान तिकडंच होते.

“वहिनी, मूस हरीण शिशाच्या गोळीनंच पडतं. दादाच्या स्मरणाच्या जेवणात गावाला काय वाढाल, बटाटे?”

“शिसं आत फुटून मांस नासवतं, भावजी. ही तांब्याची नवी गोळी तराजूत टाका. किती भरली?”

“बारा ग्रॅम.”

“आता ही टाका. काल मुसाच्या पलीकडच्या खांद्यात, कातड्याखाली सापडली.”

“बाराच! अहो, म्हणजे तुम्ही मूस मारलात?”

“हळू बोला! बढाई ऐकली की मूस रुसतो. तो आपणहून आला, देवाची कृपा.”

“गोळ्या किती लागल्या?”

“एकच.”

“दुकानदारभाऊ, माझा हा शिशाच्या गोळ्यांचा डबा परत घे बाबा!”