पेशी माझ्या, कातडी बाबांची

...नाही, तुम्हीच सांगा, स्वतःच्या अंगातल्या मूळपेशी काढून बापाला दिल्या, रक्ताच्या कॅन्सरमधून माणूस उठून बसला, आणि पुढे त्याच्या हातांवर लाल चट्टे उठले, कातडी आवळायला लागली, तर दोष कुणाचा? माझा! का? तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलाच्या पेशींना तुमची कातडी परकी वाटते, म्हणून त्या भांडतात." झालं! आत्या तिथल्या तिथे, "त्याच्याच ना? मग दुसरं काय करणार! कॉलेजातूनसुद्धा भांडूनच बाहेर पडला." अगं बाई, कॉलेज मी सोडलं, पेशींनी नाही!

तर तुम्हाला सांगतो, बाबा शिंपी. बोटं वळली नाहीत तर कात्री धरणार कशी? म्हणून हाताला मलम चोळायचं, उन्हात अजिबात बसायचं नाही. शिवाय दवाखान्यात एका पेटीत उभं करून अंगावर कसलासा उजेड सोडतात. आता बाबांचं डोकं बघा! "उजेडच लागतो ना? माझ्या खिडकीत फुकट पडलाय की!" आणि या महापुरुषाने शिलाई मशीन खिडकीशी ओढलं, मलम पुसलं... का, तर गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग पडतो!... आणि बाह्या सरसावून बसला दुपारभर उन्हात! संध्याकाळी हात टम्म, लालभडक. आणि दोष कुणाचा? माझा! आत्या म्हणे, "पेशींना जरा आवर घाल!" आवर? त्या माझं ऐकतात होय? बाबांच्या अंगात राहून त्या बाबांवर गेल्यात, कुणाचंच ऐकत नाहीत!

डॉक्टरीणबाई बाबांवर कडाडल्या, "पेटीतला उजेड मोजूनमापून देतो आम्ही, खिडकीतलं ऊन नव्हे ते!" गोळ्या वाढवल्या. म्हणाल्या, "थोडं भांडण असू दे, त्यात उरलासुरला कॅन्सरही मार खातो. पण मूठ वळली पाहिजे."

मग काय, मलम मीच चोळतोय. बाबा: "हळू रे रेड्या, हात आहे, परातीसारखा काय घासतोस!" मी: "गप्प बसा, नाहीतर पेशी परत मागेन!" आणि एकेक बोट वाकवून बघतो, वळतंय का... मान खालीच ठेवतो. तोंड दिसायला नको.

परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वळा मूठ." आणि मिटली हो, अंगठ्यासकट मिटली! बाबांनी ती डोळ्यांपुढे धरली, उलटी केली, सुलटी केली... आणि पहिला गुद्दा कुणाच्या पाठीत? माझ्या! असा सणसणीत बसला की मी कळवळलोच. तर आत्याने काय म्हणावं? "ओरडतोस कशाला? जोर तुझ्याच पेशींचा!"

म्हणजे बघा, दोष परत... जाऊ दे. मलमाची वेळ झाली.