नाना आत गात होते

ऑपेरा आणि आपलं संगीत नाटक यांत फरक काय, म्हणून भांडताय ना? मला तो पार्ल्यात एका दुपारी कळला. सत्तरच्या आसपासची गोष्ट असेल.

आमच्या शेजारचे नाना जन्मभर हौशी संगीत नाटकांत गायले. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली, पण गळा राहिला. त्यांना "पाणी" म्हणता यायचं नाही, मात्र तोच शब्द दोन सुरांत गाऊन मागता यायचं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी.

त्या दुपारी मी, नानांची बायको म्हणजे आमच्या काकू आणि वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणाऱ्या रोझाबाई बाहेरच्या खोलीत चहा पीत होतो. आतून नानांनी भीमपलास धरला. चांगली लांबलचक आलापी.

काकूंचे डोळे भरले. "आज आवाज कसा लागलाय बघ!"

रोझाबाईंनी कप खाली ठेवला. "नाना काय सांगतात?"

"सांगत नाहीत गं, गातायत. पद संपलं की जाऊ आत."

"अगं, ऑपेरात गाणं हेच बोलणं असतं!" असं ओरडून रोझाबाई आत धावल्या.

आम्ही मागोमाग गेलो. शेकायला ठेवलेल्या शेगडीची ठिणगी पडून नानांच्या लुळ्या पायाशी गोधडी पेटली होती. आणि नाना डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून, अगदी शांत चेहऱ्याने आळवत होते, "जळतंय गं, जळतंय..."

रोझाबाईंनी गोधडी ओढून काढली, म्हणून पाय वाचला.

शब्द बाहेरही स्वच्छ ऐकू येत होते रे. आम्हाला वाटलं, विरहाचं पद आहे.