देवघराच्या दाराचं लोहचुंबक

बुधवार पेठेतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मुक्ताबाई आपला टेप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुढच्या गिऱ्हाइकाने काउंटरवर जुना रेडिओ ठेवला.

“काका, आईचा आहे. बोलत नाही.”

काकांनी मागचं झाकण उघडून पाहिलं. “कसा बोलेल? स्पीकरचं लोहचुंबक कुठंय?”

“देवघराच्या दाराला. दार सारखं उघडायचं, म्हणून मीच काढून बसवलं. घरात कॉम्प्युटर आला, वाटलं रेडिओ आता कोण ऐकतंय.”

“आणि आई ऐकत होत्या.”

“पहाटेचं कीर्तन.”

“वा. दार नीट लागतं ना पण?”

“लागतं.”

“संध्याकाळी नवा स्पीकर घालतो. आधी या बाईंचा टेप. आईंना काय सांगितलंत?”

“सेल संपलेत म्हणालो.”

“मग?”

“रोज सेल पुसून गॅलरीत उन्हात ठेवते.”

मुक्ताबाई म्हणाल्या, “माझा टेप राहू द्या. आधी यांचं करा.”