ताईच्या दहाव्याला कावळा शिवेना

आमच्या ताईच्या दहाव्याला कावळ्यानंसुद्धा भाव खाल्ला, ऐका. ताई गेल्याच महिन्यात गेली, सेहेचाळिसाव्या वर्षी, बिनलग्नाची. चाळिशीतल्या बायका प्रेमात पडतात, असल्या कादंबऱ्या आणून वाचायची. वाचनालय चालवणारे बागूल विधुर. दिवाळीत ते तिला मागणी घालायला आले, तर मीच दारातून हाकललं. वर ऐकवलं, "या वयात शोभतं का?" माझ्यासारखा सातवी नापास माणूस शहाणपण शिकवत होता.

तर रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. तिची काही इच्छा राहिली असेल, म्हणून नातेवाईक वचनं देऊ लागले. मामा म्हणाले, "सुमन, तुझ्या तुळशीला रोज पाणी घालू." आत्या म्हणाली, "तुझं शिलाई मशीन मी नेते, काळजी करू नको." केवढा तो त्याग! कावळा ढिम्म.

बागूल लांब पायऱ्यांवर एकटेच उभे होते. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर ओरडलो, "दाजी, पुढं या!"

ते आले, त्यांनी हात जोडले आणि कावळा पिंडावर उतरला.

आत्यानं मला चिमटा काढला. "अरे, दाजी काय म्हणतोस? लोक ऐकतायत!"

म्हटलं, "ऐकू दे. जिनं ऐकायला हवं होतं, तिला आपण जाळून आलोय."