कारणाचा रकाना

हॉस्पिटलच्या कँटीनच्या रांगेत माझ्यापुढे दोन आहारतज्ज्ञ उभ्या होत्या, एक मुरलेली आणि एक नवी.

"ताई, सगळ्यांनी एकच फॉर्म भरायचा म्हटल्यावर तुम्ही किती कुरकुर केलीत. आता जमतंय ना?"

"डोकं खातो तो फॉर्म. पेशंट जेवत नाही एवढं लिहून भागत नाही, कारणही लिहा म्हणे."

"मग?"

"मग काय, सात नंबरच्या आजोबांना विचारावं लागलं. म्हणाले, उजव्या हाताला सलाईन आहे, डाव्या हाताने सांडतं, लाज वाटते."

"अरे देवा. पण त्याआधी तीन दिवस तर त्यांच्या कागदावर नुसतं 'भूक नाही' असं लिहिलंय."

"हो."

"कोणी लिहिलंय?"

"माझं अक्षर ओळखतेस ना? मग पुढे सरक, रांग हललीये."