तारेच्या अलीकडे

हॅलो? … हं, ताई, बोल. … लॅबमध्येच आहे. बोल गं, आता कितीही वेळ बोल. लेझर बंद केलाय. … मीच केला, सकाळी.

… ते राहू दे, आधी आप्पांचं सांग. काही खाल्लं? … दोनच चमचे? … आणि डॉक्टर? … “धाकटीला बोलावून घ्या,” असंच म्हणाले? … हं.

… हो, हो… अगं ऐक ना. निघतेच आहे. चारची गाडी आहे, उद्या सकाळी पोचते.

… नाही, संपलं नाही. वाया गेलं. … सगळं. अकरा आठवड्यांचं.

… कसं सांगू तुला? अणू वरून सोडायचे, पडताना त्यांच्यावर लेझर टाकायचा आणि पृथ्वी किती ओढते ते मोजायचं. त्या लेझरचा रंग आणि जोर, दोन्ही तसूभर हलता कामा नयेत. … रंग नाही हलला. दार आपटलं तरी जागेवरून सुटतो तो, म्हणून तर इथे ठाण मांडून बसले होते. … जोर हलला. … दिसणार कसा? प्रकाश काचेच्या तारेतून अणूंपर्यंत जातो. खोली तापली की पलीकडे कमी पडतो. आणि जोर मोजणारा सेन्सर तारेच्या अलीकडे. तिथे आकडा ढिम्म. मी आपली खूश.

… दुसरं कोण लावणार? मीच. पलीकडे लावायचा तर सगळं उघडावं लागलं असतं, रंग सुटला असता. म्हटलं, अलीकडे काय नि पलीकडे काय.

… हो, मलाही तेच आठवलं. दुकानदार म्हणायचा, काटा मध्यावर आहे की. आप्पा म्हणायचे, काट्याचं नका सांगू, पारड्यात वजन ठेवा. जन्मभर लोकांचे तराजू दुरुस्त केले त्यांनी, आणि त्यांची पोरगी…

… नको समजूत घालूस. महिन्यापूर्वी मी आले असते तर आप्पा नीट बोलले असते माझ्याशी. मोजणी होऊ दे, मग येते, मोजणी होऊ दे… लाज वाटते गं मला.

… जागे झाले? … नको, मी काय बोलू… बरं, दे.

आप्पा? … मी बोलतेय. … झालं मोजून. बरोबर आलं. … अं? … नाही, दुकानातून नाही, मी…

… हो. हो, दुकानातूनच. … चांगला चाललाय तराजू. … पारड्यात ठेवूनच पाहिलं. … दोन्ही पारड्यांत, आलटून पालटून. … नाही, तुम्ही यायची गरज नाही. पडून राहा.

… हो का? धाकटी? … पृथ्वी मोजते? … अरे वा.

… येईल की. काम आटोपलं की येईल. … हो. ठेवते.